एक दरवाजा, तीन पडदे: वॉलपेपरच्या रंगांच्या नोंदी

२ मार्च

ताईने दरवाजाचा फोटो पाठवला त्याला महिना होऊन गेला. घराचा मागचा दरवाजा, मोरपंखी रंगाचा. शेजारची भिंत पारवी आणि उंबऱ्यापाशी पालथी घातलेली लाल बादली. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर डावीकडून उजवीकडे हळूहळू विरत जातं. हा फोटो तिला तिच्या जुन्या पीसीच्या डेस्कटॉपवर हवा आहे. मी सरळ बीएमपी (चित्राची साधी, न दाबलेली फाइल) करून लावून दिला. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा आपला दरवाजा नाही. आणि भिंतीला हे पट्टे कसले?"

तिचं बरोबर होतं. दरवाजा मळकट निळा झाला होता, भिंतीवर उन्हाच्या जागी पायऱ्या दिसत होत्या आणि बादली विटकरी झाली होती. फोटो तोच, फाइल मीच केलेली, तरी तीन रंग तीन तऱ्हांनी बिघडले. तीन बिघाड म्हणजे बहुधा तीन कारणं, आणि ती एकेक करून शोधायची असं ठरवून ही वही सुरू करतो आहे.

घरात जुनी मशिनं तीन आहेत. पहिलं ताईचं: विंडोज ९५, १ एमबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, काचेच्या नळीचा सीआरटी मॉनिटर. दुसरं लॅपटॉप, विंडोज एक्सपी, १०२४ × ७६८ चा पडदा. तिसरं त्या मानाने नवं, पण तेही जुनंच, त्यावर विंडोज १० बसवलेलं, १२८० × १०२४ चा चौकोनी एलसीडी. तिन्हींवर हाच फोटो लावायचा, आणि तिन्हींवर ताईला तो आपला दरवाजा वाटला पाहिजे.

३ मार्च

आधी मॉनिटर. पडदाच खोटं दाखवत असेल तर फाइलवर घेतलेली मेहनत वाया जाते.

सीआरटी चालू केल्या केल्या त्याच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. अर्धा तास तापू दिला. मग डिगॉस केलं, म्हणजे नळीत साचलेलं चुंबकत्व काढलं, कारण उजव्या कोपऱ्यात पांढऱ्यावर फिकट जांभळा डाग होता. तो गेला.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट या दोन बटणांची नावं फसवी आहेत. ब्राइटनेस ठरवतं काळा किती काळा, आणि कॉन्ट्रास्ट ठरवतं पांढरा किती उजळ. ताईच्या मॉनिटरवर ब्राइटनेस जवळजवळ टोकाला होता, म्हणून काळा राखाडी दिसत होता आणि त्यामुळे सगळेच रंग दुधाळ. पूर्ण काळा पडदा ठेवला, खोलीतला दिवा मालवला आणि काळ्या चित्राची कड आजूबाजूच्या न उजळलेल्या काचेत मिसळेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. मग कॉन्ट्रास्ट डोळ्याला सोसेल इतका वर.

रंगतापमान ९३०० केल्व्हिनवर होतं. जुन्या मॉनिटरांवर हे सर्रास सापडतं. पांढरा त्यामुळे झगझगीत दिसतो, पण त्यात निळा जास्त असतो. बहुतेक फोटो एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापात बनतात, त्यात पांढरा ६५०० केल्व्हिनचा धरलेला आहे. ६५०० वर आणलं तेव्हा पडदा पहिली दहा मिनिटं पिवळा वाटला, नंतर डोळा सरावला. दरवाजातला अर्धा मळकट निळेपणा एवढ्यानेच गेला.

शेवटी गॅमा, म्हणजे फाइलमधला आकडा वाढेल तसा पडद्याचा उजेड कोणत्या चालीने वाढतो ते. एका पट्टीत एक ओळ काळी, एक पांढरी अशा आडव्या रेघा, आणि शेजारी सपाट राखाडीचे ठोकळे, वेगवेगळ्या किमतींचे (० काळा, २५५ पांढरा). लांबून डोळे किलकिले करून बघायचं: कुठला ठोकळा रेघांच्या पट्टीत विरघळतो? गॅमा २.२ असेल तर १८६ च्या आसपासचा. रेघा आडव्याच हव्यात. उभ्या घेतल्या तर सीआरटीला दर पिक्सेलला काळं-पांढरं-काळं असं झपाट्याने बदलावं लागतं, ते त्याला नीट जमत नाही आणि उत्तर चुकतं. आमचं उत्तर १८६ आणि १९० च्या मधे आलं. उत्तम. या मॉनिटरचा गॅमा शाबूत आहे, त्याला हात लावायचा नाही.

५ मार्च

आज मूळ फोटो उघडून बघितला. फोनने तो डिस्प्ले पी३ या, एसआरजीबीपेक्षा मोठ्या, रंगजागेत काढला आहे. मोरपंखी रंग बिघडण्याचं उरलेलं निम्मं कारण इथे सापडलं.

पिक्सेलमधले तीन आकडे म्हणजे रंग नव्हे. ते कोणत्या लाल-हिरव्या-निळ्याच्या प्रमाणात मोजलेत हे प्रोफाइल सांगतं. पी३ चा हिरवा आणि लाल एसआरजीबीपेक्षा जास्त ठसठशीत, म्हणून तोच रंग लिहायला पी३ मध्ये तीन आकड्यांतला लहान फरक पुरतो. मी बीएमपी केली तेव्हा प्रोफाइल गळून पडलं आणि आकडे तसेच राहिले. जुन्या मशीनने ते आपल्या पद्धतीने वाचले, आणि दरवाजा फिका पडला, बादलीचा रंग उतरला. विंडोज ९५ चा डेस्कटॉप प्रोफाइल विचारतच नाही, त्यामुळे आकडे त्याच्या हातात देण्याआधी आपणच बदलून द्यायचे.

एसआरजीबीत रूपांतर केलं, दर वाहिनीला (लाल, हिरवा, निळा यांतल्या एकेकाला) १६ बिट ठेवून. अजून आकार बदलायचा आहे, रंग कमी करायचे आहेत, प्रत्येक पायरीला ८ बिटांवर गोळाबेरीज केली तर भिंतीचं ऊन वाटेतच तुटेल. ८ बिट एकदाच, अगदी शेवटी.

मोरपंखी हा मुळातच अवघड रंग. निळ्या-हिरव्याच्या मधला हा पट्टा पडद्यांना नेहमीच कमी पडतो, आणि दरवाजाचा उन्हातला भाग एसआरजीबीच्या बाहेर गेला. लाल वाहिनी शून्यावर जाऊन थांबली आणि फळ्यांमधल्या खाचा तिथे पुसट झाल्या. रूपांतराचा प्रकार परसेप्च्युअल (सगळेच रंग थोडे आत ओढणारा) निवडून पाहिला, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता: साध्या मॅट्रिक्स प्रोफाइलमध्ये परसेप्च्युअल निवडलं तरी हाती रिलेटिव्हच (बाहेरचे रंग नुसते छाटणारं) येतं. मग रूपांतराच्या आधी फक्त दरवाजाचा रंगभार हाताने थोडा कमी केला, लाल वाहिनी शून्यावरून उठेल इतपतच. खाचा परत आल्या. रंगाचा झळझळीतपणा किंचित गेला, पण लाकूड लाकडासारखं दिसायला लागलं. हा सौदा मला मान्य आहे.

८ मार्च

आजचा दिवस २५६ रंगांचा.

ताईचा पीसी १०२४ × ७६८ वर चालतो. १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट. १०२४ × ७६८ ला पिक्सेलमागे एक बाइट दिला तर ७,८६,४३२ बाइट लागतात. दोन बाइट द्यायला जागाच नाही. म्हणून २५६ रंग.

२५६ मधलेही सगळे आपले नसतात. विंडोज २० रंग स्वतःकडे राखून ठेवतं: पॅलेटमधले (त्या २५६ रंगांच्या यादीतले) पहिले १० आणि शेवटचे १०, म्हणजे ० ते ९ आणि २४६ ते २५५. खिडक्यांच्या कडा, बटणं, अक्षरं यांना ते नेहमी हाताशी लागतात. फोटोला उरतात २३६. मी पहिल्या दिवशी २५६ रंगांची फाइल केली होती. तिच्यातले जे जास्तीचे होते त्यांना जवळच्या रंगावर ढकललं गेलं. कोणते ढकलले जातील हे पॅलेटमधल्या क्रमावर ठरतं, आधीचे आधी जागा पटकावतात. आणि माझ्या फाइलमध्ये बादलीचे लाल सगळ्यात शेवटी होते.

आता २३६ रंगांचं पॅलेट बनवलं, मीडियन कट पद्धतीने. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडलेली ही पद्धत अजूनही कामाची आहे: चित्रातले सगळे रंग एका खोक्यात घालायचे, खोका जिकडे लांब तिकडे मधोमध कापायचा, दोन्ही बाजूंना सारखेच पिक्सेल येतील असा, आणि हवे तितके खोके होईपर्यंत कापत राहायचं. पण यात ज्याची गर्दी त्याचं राज्य. चित्रात भिंत निम्म्याहून जास्त. तिने दीडशेच्या वर जागा घेतल्या. बादलीला आल्या चार. चार लालांमध्ये गोल बादली गोल दिसत नाही. उजेडाची कड, मधला रंग, सावली, आणि कडीखालची काळी रेघ एवढ्यावर भागवावं लागतं.

उपाय साधा निघाला. बादलीचा तुकडा कापून फोटोच्या खाली पंधरा-वीस वेळा ओळीने चिकटवला, त्या लांब चित्रावरून पॅलेट बनवलं, मग ते पॅलेट मूळ फोटोला लावलं. आता बादलीला बावीस रंग आले. दरवाजाचा उन्हातला भागही असाच तीनदा चिकटवला. भिंतीच्या जागा कमी झाल्या, पण भिंतीला डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधला रंग भासवणं, सांभाळून घेतं. हलके उतार डिदरिंगला सोपे जातात, ठसठशीत रंग नाहीत.

डिदरिंग फ्लॉइड-स्टाइनबर्ग. प्रत्येक पिक्सेलला जवळचा रंग देताना जी चूक होते ती शेजाऱ्यांत वाटायची: उजवीकडच्याला १६ पैकी ७ भाग, खालच्या ओळीत डावीकडे ३, थेट खाली ५, उजवीकडे १. १९७६ ची ही पद्धत. भिंतीवर ती इतकी छान बसली की हातभर अंतरावरून पट्टे दिसेनासे झाले. फक्त सावलीचा कोपरा किंचित उजळला. कारण चूक वाटणारा हिशेब फाइलमधल्या आकड्यांवर चालतो आणि डोळा मोजतो प्रकाश. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं मिश्रण डोळ्याला १२८ नव्हे, १८६ च्या राखाडीइतकं दिसतं हे ३ तारखेलाच पाहिलं होतं. अंधाऱ्या भागात पॅलेटचे रंग विरळ होते, म्हणून तिथे ते जाणवलं. सावलीचाही एक तुकडा चिकटवून पॅलेट पुन्हा केलं. बरं झालं.

फाइल लावली. ताईला बोलावलं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हो, हाच." मग तिने सवयीने चित्रं बघायचा प्रोग्रॅम उघडला, आणि त्यामागचा दरवाजा एका क्षणात शेवाळी झाला, भिंत गुलाबी. प्रोग्रॅम बंद केला, सगळं जागेवर.

हे होणारच. पडद्यावर एका वेळी पॅलेट एकच. जी खिडकी पुढे आहे तिला आपले रंग आधी बसवण्याचा मान, मागच्यांनी उरलेल्यात भागवायचं, आणि वॉलपेपर तर सगळ्यात मागे. माझ्या २३६ रंगांची चोख फाइल एका क्लिकमध्ये दुसऱ्याच्या रंगांत वाचली जाते. चित्राच्या बाजूने याला उपाय नाही. चित्र फक्त त्या २० राखीव रंगांत केलं तर ते हलणार नाही, पण त्या विसात मोरपंखी म्हणून एकच आहे, तोही सपाट. तसं करून पाहिलं. ठिपक्यांची जाळी झाली. नको.

९ मार्च

ताईला विचारलं, पडदा १०२४ वरून ८०० वर आणला तर चालेल का? अक्षरं मोठी होतील. ती म्हणाली, उलट बरंच.

८०० × ६०० ला दोन बाइट दिले तर ९,६०,००० बाइट. १ एमबीत बसतं. ६५,५३६ रंग, आणि पॅलेटच नाही, म्हणजे कोणी कोणाचे रंग पळवण्याचा प्रश्नच मिटला. कालची फाइल आठवण म्हणून ठेवली आहे.

१२ मार्च

१६ बिटांवर सगळं सरळ होईल असं वाटलं होतं. दरवाजा आणि बादली खरोखरच सुरेख आली. भिंत मात्र विचित्र: पट्टे आता पायऱ्यांसारखे नाहीत, एक पट्टा किंचित हिरवा, पुढचा किंचित गुलाबी, पुन्हा हिरवा. पारव्या रंगाला असा पोत आला की कबुतराच्या मानेची आठवण व्हावी. दिसायला सुंदर, पण भिंत तशी नाही.

कागद घेऊन बसलो. १६ बिटांची वाटणी अशी: लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. डोळ्याला हिरव्यातले फरक सगळ्यात जास्त कळतात म्हणून जास्तीचा बिट त्याला. लाल आणि निळ्याला ३२ पायऱ्या, हिरव्याला ६४. आता राखाडी म्हणजे तिन्ही आकडे सारखे. १०० घेतला तर लाल आणि निळा सर्वांत जवळच्या खालच्या पायरीवर, ९९ वर येतात, हिरवा १०१ वर. हिरवट. ९६ ते ९९ मधला कुठलाही राखाडी घ्या: लाल-निळा ९९, हिरवा ९७. गुलाबी. १०४ ते १०७: लाल-निळा १०७, हिरवा १०५. पुन्हा गुलाबी. दर चार पातळ्यांनी भिंत कूस बदलते.

यात कार्डाचा दोष नाही. एका बाजूला ३१ चे भाग, दुसऱ्या बाजूला ६३ चे, आणि ३१ व ६३ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. म्हणून पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा सोडला तर तिन्ही वाहिन्या तंतोतंत एका रेषेत येतच नाहीत. या पडद्यावर निखळ राखाडी असा रंग नाहीच. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं, कारण दोन दिवस मी मॉनिटरच्या बटणांशी झुंजत होतो आणि त्यांचा काही संबंध नव्हता.

निखळ राखाडी एका पिक्सेलला जमत नसेल तर चार पिक्सेलांना मिळून जमतो. म्हणजे पुन्हा डिदरिंग, पण या खेपेला ५-६-५ च्या जाळ्यावर. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाची चूक वेगळी वाटायची, म्हणजे सरासरी राखाडीच राहते. विंडोजला फाइल २४ बिटांची दिली, तर या कार्डावर खालचे बिट नुसते कापले जातात, डिदरिंग कोणी करत नाही. हे मी एका सपाट उताराच्या चित्राने तपासलं. कापले जातात हे चांगलंच आहे, कारण मी आधीच प्रत्येक आकडा जाळ्यावर बसवून दिला तर कापायला काही उरत नाही. लाल आणि निळ्याचे आकडे फक्त ०, ८, १६, २४, ३३, ४१ असे, हिरव्याचे ०, ४, ८, १२ असे. या आकड्यांचे वरचे बिट घेतले की तीच पायरी परत मिळते. मशीनला रंग बदलायला कुठे फटच ठेवली नाही.

भिंत एकसारखी पारवी झाली. नाक पडद्याला लावलं तर हिरवे-गुलाबी ठिपके दिसतात, कबुतराची मान तिथे लपून आहे. खुर्चीतून फक्त ऊन दिसतं.

१३ मार्च

फाइल ताईच्या मशीनवर नेली तर वॉलपेपरच्या यादीत नाव दिसतं, चित्र येत नाही. फ्लॉपी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. तेच.

मग फाइल हेक्समध्ये, म्हणजे कच्चे बाइट सोळामान आकड्यांत दाखवणाऱ्या संपादकात, उघडली. सुरुवातीची दोन अक्षरं बीएम, बरोबर. सुरुवातीचे चौदा बाइट सोडून जिथे हेडरचा (चित्राआधीच्या माहितीचा) आकार लिहिलेला असतो तिथे ७सी, म्हणजे १२४. साध्या जुन्या बीएमपीत तिथे २८ असतो, म्हणजे ४०. ज्या संपादकातून मी फाइल साठवली त्याने रंगजागेची माहिती ठेवायला मोठा हेडर लिहिला होता. हा १२४ बाइटचा प्रकार विंडोज ९८ आणि २००० बरोबर आला. ९५ ला तो माहीतच नाही. इमेजमॅजिक या चित्र बदलायच्या प्रोग्रॅममध्ये फाइलच्या नावाआधी बीएमपी३ आणि अपूर्णविराम (:) लावून साठवलं की जुना ४० बाइटचा हेडर मिळतो. तसं केलं आणि चित्र आलं.

८०० × ६०० ला तीन बाइटप्रमाणे १४,४०,०००, वर हेडरचे ५४. एकूण १४,४०,०५४ बाइट. फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर १४,५७,६६४ बाइट मावतात. एक अख्खा फोटो, एकही बिट न दाबता, एका फ्लॉपीवर जेमतेम मावतो हे पाहून मला विलक्षण आनंद झाला.

१६ मार्च

छोटी नोंद. वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये चुकून 'स्ट्रेच' (विंडोज ९५ ला हा पर्याय प्लस! या जोड-पॅकने मिळतो) राहिलं होतं आणि चित्र माझ्याकडून ८०० ऐवजी ७९८ रुंद कापलं गेलं होतं. दोन पिक्सेलांच्या फरकाने भिंतीवर उभ्या रेघा उमटल्या. जुनं विंडोज चित्र ताणताना नुसते पिक्सेल पुन्हा छापतं, आणि डिदरिंग केलेल्या चित्रात प्रत्येक ठिपका शेजाऱ्याच्या हिशेबावर उभा असतो. एक जरी दुबार छापला तरी वीण उसवते. त्यामुळे क्रम पक्का: आधी पडद्याच्या अचूक मापाला कापणं, मग रंग, आणि डिदरिंग सगळ्यात शेवटी. त्यानंतर फाइलला हात लावायचा नाही, आणि सेटिंग 'सेंटर'.

आकार लहान करतानाही एक गोष्ट लक्षात आली. दरवाजाच्या वरच्या झडपेला बारीक जाळी आहे, तिच्या तारा उन्हात चमकतात. साध्या पद्धतीने लहान केलं की जाळी काळवंडते, कारण फाइलमधल्या आकड्यांची सरासरी आणि प्रकाशाची सरासरी एक नव्हे. आकडे आधी प्रकाशाच्या मापात सरळ करून, लहान करून, परत वळवले. तारा चमकल्या.

१९ मार्च

लॅपटॉप.

सेटिंगमध्ये ३२ बिट लिहिलेलं आहे, पण ते ग्राफिक्स चिपपुरतं. पडदा स्वतः वाहिनीला ६ बिटांचा आहे का, हे कुठेही लिहिलेलं नसतं, ते तपासावं लागतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उतार पूर्ण रुंदीत काढला. १०२४ पिक्सेलांत २५६ पातळ्या, म्हणजे दर पातळीला ४ पिक्सेल. भिंगातून पाहिलं तर राखाडी बदलत होता दर १६ पिक्सेलांनी. म्हणजे पातळ्या ६४, एकूण रंग २,६२,१४४, आणि खालचे दोन बिट पडदा सोडून देतो. काही पडदे ते दोन बिट पिक्सेल भराभर लुकलुकवून भासवतात. हा तसं करत नाही.

इथे वाहिन्या समान आहेत, ६-६-६, त्यामुळे राखाडी राखाडीच राहतो. प्रश्न फक्त पट्ट्यांचा. पायरी ८ बिटांच्या मापात ४ पातळ्यांची. ठिपक्यांची शिस्तशीर जाळी एलसीडीवर डोळ्यात भरते, कारण प्रत्येक पिक्सेलची कड धारदार असते. सीआरटीत ती आपोआप मऊ होते. म्हणून इथे फ्लॉइड-स्टाइनबर्ग न वापरता १६ बिटांच्या चित्रात एका पायरीइतका बारीक कणीदारपणा मिसळला आणि मग ६ बिटांवर आणलं. भिंतीला चुन्याच्या गिलाव्यासारखा पोत आला. तो मला मूळ फोटोपेक्षाही जवळचा वाटला, पण ते माझं मत.

एक्सपीत जेपेग निवडलं तरी ते वॉलपेपरसाठी त्याची बीएमपी करूनच ठेवतं. मी सरळ बीएमपीच दिली.

दरवाजाचा रंग ठरवताना मात्र मान अवघडली. हा टीएन या प्रकारचा एलसीडी पडदा आहे. डोकं चार बोटं वर घेतलं की मोरपंखी फिका, खाली घेतलं की गडद आणि निळसर. एकाच पडद्यावर वरचा आणि खालचा दरवाजा सारखा दिसत नाही. झाकण असं तिरपं केलं की नजर मधोमध काटकोनात पडेल, आणि तिथूनच निर्णय घेतला. सगळ्या कोनांतून बरोबर रंग या पडद्याला शक्य नाही.

२३ मार्च

तिसरं मशीन, विंडोज १०. इथे रंग भरपूर आहेत, पडदा ८ बिटांचा आहे. इथे काही करावंच लागणार नाही असं धरून चाललो होतो.

लावलेला फोटो आणि त्याच फोटोची उघडी खिडकी शेजारी ठेवली. खिडकीत बादलीची कड कोरल्यासारखी. डेस्कटॉपवर तिचा लाल भिंतीत पाझरलेला, आणि भिंतीवर उन्हाच्या हलक्या भागात चौकोनी डाग.

विंडोज १० वॉलपेपर लावताना जेपेग चित्र स्वतःच्या वापरासाठी पुन्हा दाबून साठवतं, दर्जा ८५. एकदा दाबलेलं जेपेग पुन्हा दाबलं की ८ × ८ चे चौकोन सपाट भागात वर येतात. आणि लालचं कारण वेगळं: जेपेगमध्ये उजेड पूर्ण बारकाईने ठेवतात, पण रंग सहसा चार पिक्सेलांना मिळून एकच. मोरपंखी-पारव्याच्या सीमेवर ते खपून जातं, लाल-पारव्याच्या सीमेवर नाही.

यासाठी सोय आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) करंट यूजरखाली कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप, तिथे जेपेगइम्पोर्टक्वालिटी या नावाची डीवर्ड (आकडा साठवणारी) किंमत बनवायची आणि दशमान पद्धतीत १०० लिहायचे. ६० ते १०० चालतं. लॉग ऑफ करून परत आलो, चित्र नव्याने लावलं. डाग गेले. मूळ जेपेगही मी पूर्ण रंग ठेवून, म्हणजे रंगाचे पिक्सेल न जोडता, साठवलं होतं. कड पुरती कोरल्यासारखी झाली नाही, पण खुर्चीतून पाझर दिसत नाही.

इथे १६ बिटांवरून ८ बिटांवर येताना अर्ध्या पायरीचा कणीदारपणा दिला. त्याहून जास्त दिला तर जेपेग त्यालाच तपशील समजून त्यावर जागा खर्च करतं.

२४ मार्च

त्याच मशीनवर भिंत रात्री थरथरताना दिसली. चित्राचा दोष समजून दोन तास फाइल चाळली. शेवटी एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी पूर्ण पडद्यावर लावली, तर उजव्या बाजूला रुंद उभे पट्टे हलत होते. मॉनिटर व्हीजीए केबलवर आहे. चित्र अॅनलॉग होऊन येतं आणि प्रत्येक पिक्सेल नेमका कधी वाचायचा हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. जाळी पडद्यावर असतानाच ऑटो-अॅडजस्टचं बटण दाबलं. सपाट निळा डेस्कटॉप समोर असताना तेच बटण दाबलं तर त्याला पकडायला काही सापडत नाही, जाळीत सापडतं. थरथर थांबली.

२८ मार्च

ताई दिवसभर पहिल्या मशीनवर काम करत होती. संध्याकाळी म्हणाली, "दरवाजा आपलाच आहे. पण आयकॉनच्या नावांमागे या पट्ट्या कसल्या रे?"

विंडोज ९५ आयकॉनच्या नावामागे डेस्कटॉपचा मूळ रंग भरतं, वॉलपेपर असलं तरी. तो रंग मुळात ०, १२८, १२८. योगायोगाने मोरपंखीच, पण आपल्या दरवाजाचा नव्हे, आणि सगळे आयकॉन पारव्या भिंतीवर होते. भिंतीच्या डाव्या पट्ट्याची सरासरी काढली, डेस्कटॉपच्या रंगात ते तीन आकडे लिहिले. २५६ रंगांवर असतो तर हा रंग मिळाला नसता, जवळच्या राखीव राखाडीवर भागवावं लागलं असतं. इथे मिळाला, अर्थात ५-६-५ च्या जाळ्यावर जवळचा, किंचित हिरवट. म्हणून हिरवा एक पायरी खाली घेतला. किंचित गुलाबी झाला. ताईला दोन्ही दाखवले. तिने गुलाबीकडचा निवडला, म्हणाली सकाळी भिंत तशीच दिसते.

आयकॉन डावीकडून एक रांग उजवीकडे सरकवले, म्हणजे दरवाजाची कडी मोकळी राहते.